ध्रुवीय बर्फात अडकलेली रसायनं जागची हलत का नाहीत?

मृण्मयी_चिपळूण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात धातूंचं निष्कर्षण चालू होतं. गॅलेना या खनिजापासून शिसं आणि त्या शिशातून चांदी काढायची जुनी रीत सांगताना मी सहज म्हटलं, की रोमन लोकांच्या भट्ट्यांचा धूर ग्रीनलंडच्या बर्फात आजही मोजता येतो. तास तिथेच अडकला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, बर्फ म्हणजे शेवटी पाणीच ना? पाण्यात काहीही टाकलं तरी ते पसरतं, हे तुम्हीच शिकवलंत. मग दोन हजार वर्षांत ते शिसं वरखाली पसरून सगळीकडे सारखं का नाही झालं?"

घन पदार्थात विसरण अतिशय मंद असतं, एवढं उत्तर मी दिलं. पण ते मलाच पुरेसं वाटत नाही. मिठाचं पाणी गोठवलं की स्फटिक मीठ बाहेर ढकलतो, हेही आपण शिकवतो. मग ध्रुवावरच्या बर्फात ही रसायनं नक्की बसतात कुठे? आणि बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांचं वय बर्फाइतकंच धरायचं का? कुणी प्रत्यक्ष या क्षेत्रात असेल तर कृपया सविस्तर लिहा. वर्गात वाचून दाखवणार आहे.

---

हिमकण_वास्को

मृण्मयीताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. आमच्या क्षेत्रातले लोक अजूनही याच प्रश्नावर काम करतात. मी आयन क्रोमॅटोग्राफीवर (पाण्यातले आयन वेगळे करून मोजायची पद्धत) काम करतो आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या नमुन्यांत अंटार्क्टिकाचा बर्फ असतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी "पाणी" हा शब्द बाजूला ठेवू. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर डोम सी नावाची जागा आहे. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान उणे ५४ अंशांच्या आसपास असतं. तिथे पडलेला बर्फ भर उन्हाळ्यातही वितळत नाही. द्रवरूप पाण्याचा टप्पा मधे येतच नाही, त्यामुळे झिरपणं नाही, धुऊन जाणं नाही. भुसभुशीत बर्फावर पुढच्या वर्षीचा बर्फ पडतो, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा. वजनाने खालचे कण एकमेकांना चिकटत जातात. या अर्धवट दाबल्या गेलेल्या थराला आम्ही फर्न म्हणतो. हाताळायला तो ओल लागून घट्ट बसलेल्या साखरेसारखा असतो, कण वेगळे दिसतात पण सुटत नाहीत. साधारण ५० ते १२० मीटर खोलीवर कणांमधल्या पोकळ्या बंद होतात आणि तिथून खाली खरा बर्फ सुरू होतो.

रसायनं येतात दोन वाटांनी. काही ढगातच हिमकणाच्या पोटात जातात, कारण धुळीचा, मिठाचा किंवा सल्फेटचा कण हा ढगातल्या थेंबाचं बीज असतो. बाकीची कोरडीच हवेतून खाली बसतात. जिथे बर्फ फार थोडा पडतो, तिथे ही दुसरी वाट मोठी. डोम सीला वर्षभरात जेमतेम तीन सेंटीमीटर पाण्याइतका बर्फ साठतो. म्हणजे आपल्याकडच्या एका चांगल्या सरीपेक्षा कमी.

आता ती बसतात कुठे? तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, बर्फाचा स्फटिक परक्याला सहज आत घेत नाही. हायड्रोजन क्लोराईड, हायड्रोजन फ्लोराईड, अमोनियम अशी थोडीच मंडळी त्याच्या जाळीत थोड्या प्रमाणात मावतात. सल्फ्युरिक आम्लाला तिथे थारा नाही. १९८८ मध्ये मलवेनी, वुल्फ आणि ओट्स या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकाच्या बर्फाचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सल्फ्युरिक आम्ल त्यांना स्फटिकांच्या मधोमध सापडलं नाही. जिथे तीन स्फटिक एकमेकांना भिडतात, त्या बारीक शिरांमध्ये ते साचलं होतं. सल्फ्युरिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण उणे ७० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय पूर्ण गोठत नाही. म्हणजे एवढ्या थंडीतही त्या शिरांमध्ये द्रव असू शकतो! तुमच्या विद्यार्थिनीची शंका इथे अगदी खरी ठरते. पण त्या शिरा मायक्रोमीटरच्या मापाच्या असतात, आणि त्यातला द्रव किती तीव्र असेल हे त्या जागेचं तापमान ठरवतं. वरच्या आणि खालच्या थरात तापमान जवळपास सारखं असलं, की शिरांमधली तीव्रताही सारखीच राहते. आम्लाला पसरायला ओढच उरत नाही. जास्त आम्ल असलेल्या थरात शिरा थोड्या रुंद असतात, एवढाच फरक. म्हणून इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या उद्रेकाचा सल्फेटचा सुळका आलेखात आजही दोन्ही ध्रुवांवर उभा दिसतो.

या सुळक्यांनी एक काम असं केलंय की मला त्याचं मोल फार वाटतं. १८०९ च्या सुमाराला उष्णकटिबंधात एक मोठा ज्वालामुखी फुटला होता, हे बर्फावरून कळलं. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडे एकाच वेळचं सल्फेट, म्हणून तो विषुववृत्ताच्या जवळपासचा. तो कुठला, हे अजून ठरलेलं नाही. तशीच १२५७ च्या सुमाराची एक प्रचंड खूण कित्येक वर्षं बेवारस होती. २०१३ मध्ये तिचा मालक सापडला, इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा सामालास.

पण "बर्फ सगळं जपून ठेवतो" असं मुलांना कृपया सांगू नका. प्रत्येक रसायनाचं नशीब वेगळं असतं, आणि आमचं अर्धं काम तेच ओळखण्याचं आहे.

शिसं, धूळ, सोडियम यांना बाष्प होऊन उडता येत नाही. ती पडली की पडली. नायट्रेटचं तसं नाही. डोम सीच्या पृष्ठभागावर नायट्रेट भरपूर सापडतं, आणि अर्धा मीटर खाली गेलं की ते दहा पटींहून अधिक घटलेलं असतं. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही. अतिनील किरण बर्फाच्या वरच्या काही दहा सेंटीमीटरपर्यंत शिरतात, नायट्रेट तोडतात आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साईड परत हवेत जातात. ग्रीनलंडच्या समिट केंद्रावर १९९० च्या दशकाच्या शेवटी हे प्रत्यक्ष मोजलं गेलं. बर्फ हवेतून घेतो तसा हवेला देतोही, हे तेव्हा ठळकपणे पुढे आलं. जातानाही हलका नायट्रोजन आधी जातो, त्यामुळे मागे उरलेल्या नायट्रेटमध्ये जड समस्थानिकाचं प्रमाण वाढत जातं. ते मोजलं की किती नायट्रेट निघून गेलं याचा अंदाज बांधता येतो. रसायन गेलं तरी जाण्याची खूण राहिली!

क्लोराईडची गोष्टही रसायनशास्त्राच्या वर्गाला आवडेल. समुद्री मीठ आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र आले की हायड्रोजन क्लोराईड सुटतो, आणि कमी बर्फ पडणाऱ्या जागी तो निसटून जातो. मात्र हिमयुगात हवेत धूळ खूप होती. तिच्यातल्या कॅल्शियमने आम्ल मारलं, नायट्रेटला क्षाराच्या रूपात बांधून ठेवलं. त्यामुळे डोम सीच्या हिमयुगातल्या थरांत नायट्रेट आणि क्लोराईड आजच्या काळातल्या थरांपेक्षा चांगले टिकलेत. आलेख वर गेला म्हणून हवेतही ते तेव्हा जास्त होतं, असं लगेच म्हणता येत नाही.

आणि एक नमुना खरोखर जागा बदलणारा. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येणारं मिथेनसल्फॉनिक आम्ल उन्हाळ्याच्या थरात पडतं. काही ठिकाणी, खोल जाता जाता ते हिवाळ्याच्या थरात सरकलेलं आढळतं. वर्षभराची बेरीज तीच राहते, पण ऋतू चुकतो. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, तिचा अंदाज या आम्लाच्या बाबतीत खरा निघाला.

बुडबुड्यांबद्दल: वयं सारखी नसतात. पोकळ्या बंद होईपर्यंत वरची हवा फर्नमधून आतबाहेर करत असते, म्हणून बुडबुडा नेहमी त्याच्या भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या लॉ डोमसारख्या ठिकाणी, जिथे बर्फ भरपूर पडतो, हा फरक काही दशकांचा. आतल्या पठारावरच्या व्होस्तोकसारख्या कोरड्या जागी काही हजार वर्षांचा.

---

मृण्मयी_चिपळूण

सर, मनापासून धन्यवाद. शिरांमधल्या तीव्रतेचा मुद्दा वाचल्यावर मला स्वतःला उलगडा झाला. तो फळ्यावर प्रावस्था आलेख काढून दाखवता येईल.

शिशाबद्दल अजून विचारते. मोजण्याइतकं शिसं तिथे असतं तरी किती? आणि ते नमुना घेताना किंवा प्रयोगशाळेतच मिसळलेलं नाही, याची खात्री कशी करतात? आमच्या प्रयोगशाळेत तर ऊर्ध्वपातित पाण्यातसुद्धा कधी कधी क्लोराईड निघतं.

---

कराडचा_सुभेदार

ताई, मी शास्त्रज्ञ नाही. सैन्यातून भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावर गेलो होतो, गाड्या आणि जनरेटर माझ्याकडे. नमुने घेणाऱ्यांना मदत करायला आम्हाला बरोबर नेत, म्हणून जे पाहिलं तेवढं सांगतो.

केंद्राच्या जवळचा बर्फ ते लोक घेतच नसत. गाडी लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी करायला सांगायचे आणि इंजिन बंद. तिथून पुढे पायी, स्लेज ओढत. खड्डा खणायला आम्ही, पण ज्या भिंतीतून नमुना घ्यायचा ती वाऱ्याच्या बाजूची, आणि तिच्या कडेवर कुणी पाऊल ठेवायचं नाही, ही सक्त ताकीद. खणलेला बर्फ, फावडी टाकायची ती सगळी दुसऱ्या बाजूला. खणून झालं की शास्त्रज्ञ डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवायचे, हातमोज्यांवर दुसरे प्लास्टिकचे हातमोजे. फावडं लागलेली भिंत स्वच्छ साधनाने आतपर्यंत खरवडून काढायची आणि मग आतल्या ताज्या भिंतीतून, ठरावीक अंतराने, बाटल्या भरायच्या. त्या बाटल्याही कित्येकदा धुऊन, दुहेरी पिशवीत बंद करून आणलेल्या.

वारा फिरला तर काम थांबायचं. मला सुरुवातीला वाटायचं, एवढ्या ओसाड जागी कसली घाण लागणार? तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईंनी शांतपणे समजावलं, की इथे घाण नाही म्हणूनच आपल्या इंजिनाचा एक झोत सगळं बिघडवेल. त्यानंतर गाडी कुठे उभी करायची हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

---

हिमकण_वास्को

सुभेदारसाहेब, तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. आमच्या हातात येणारी बाटली किती जणांच्या शिस्तीवर उभी असते, हे शोधनिबंधांत येत नाही. गाडी वाऱ्याखाली लावणारा माणूस नसेल तर माझ्या यंत्राचा काही उपयोग नाही.

ताई, शिशाचं प्रमाण सांगतो. माणसाने ढवळाढवळ करण्यापूर्वी ध्रुवीय बर्फाच्या एका ग्रॅममध्ये शिसं एका पिकोग्रॅमपेक्षाही कमी होतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढं कमी मोजायचं तर खोलीतली धूळ, माणसाचा घाम, बाटलीचं झाकण, सगळेच शत्रू. हे सर्वांत आधी ज्याला पुरतं कळलं तो माणूस क्लेअर पॅटरसन. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं आहे, हे उल्कापाषाणातल्या शिशावरून १९५६ मध्ये प्रसिद्ध करणारा हाच. त्या कामात त्याचे आकडे सारखे बिघडायचे, कारण आजूबाजूच्या प्रत्येक वस्तूतून शिसं येत होतं. त्याने गाळलेल्या हवेची, आम्लाने धुतलेली स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली. मग तो त्याच शिशाच्या मागे लागला. १९६९ मध्ये मुरोझुमी, चाऊ आणि पॅटरसन यांनी ग्रीनलंडचे आकडे छापले: इसवी सनापूर्वी ८०० च्या बर्फापासून १९६० च्या दशकातल्या बर्फापर्यंत शिसं सुमारे २०० पट वाढलेलं. शेवटची उभी चढण पेट्रोलमधल्या शिशाची. शिसं विकणाऱ्या उद्योगाला हे रुचलं नाही, पण आकडे हलले नाहीत. पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं, आणि १९९१ मध्ये बुट्रोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्रीनलंडच्या ताज्या बर्फातलं शिसं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून साडेसात पटींनी उतरलंय. कायद्याचा परिणाम इतका स्वच्छ मोजलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. हा आलेख मुलांना जरूर दाखवा.

खात्रीसाठी गाभ्याच्या, म्हणजे ड्रिलने खोलवरून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलाच्या, बाबतीत असं करतात: बर्फाच्या दंडगोलाचा बाहेरचा भाग ड्रिलला आणि ड्रिलच्या तेलाला लागलेला असतो, तो वापरायचाच नाही. थर थर खरवडत आत जायचं आणि प्रत्येक थर वेगळा मोजायचा. आत जाता जाता आकडा उतरून एका पातळीवर स्थिरावला, तरच तो खरा. आत जाईपर्यंत उतरतच राहिला, तर तो नमुना बाद. हल्ली तापवलेल्या डोक्यावर गाभा उभा ठेवून वितळवतात. मधल्या भागाचं पाणी विश्लेषणाला जातं, कडेचं पाणी वेगळ्या वाटेने बाहेर. याशिवाय शुद्ध पाणी गोठवून, त्याचा "खोटा गाभा" करून तोही त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेतात. त्यात जे निघेल ते आपलं. तुमच्या ऊर्ध्वपातित पाण्यातल्या क्लोराईडचा शोधही याच रीतीने लागेल.

रोमन शिसं ग्रीनलंडला गेलं ते हवेतून. गॅलेना भाजताना आणि शिशातून चांदी वेगळी करताना शिशाची वाफ उठते, तिचे अतिसूक्ष्म कण होतात आणि ते काही दिवस हवेत तरंगत राहतात. २०१८ मध्ये जोसेफ मॅककॉनेल आणि सहकाऱ्यांनी इसवी सनापूर्वी ११०० ते इसवी सन ८०० हा काळ इतक्या बारकाईने मोजला, की युद्धं आणि साथी आलेखात वाचता येतात. इसवी सन १६५ ला रोमन साम्राज्यात सुरू झालेल्या अँटोनाईन साथीनंतर शिसं कोसळलं आणि पुढची कित्येक शतकं तेवढं वर आलं नाही. खाणी चालवायला माणसंच राहिली नव्हती.

शिसं कुठून आलं हेही कळतं, कारण प्रत्येक खाणीतल्या शिशाच्या समस्थानिकांचं गुणोत्तर वेगळं असतं. याच गटाने अंटार्क्टिकाचे गाभे तपासले तेव्हा १८८९ च्या सुमाराला शिसं अचानक चढलेलं दिसलं, आणि समस्थानिकांनी बोट दाखवलं ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींकडे. दक्षिण ध्रुवावर पहिला माणूस, अमुंडसेन, पोहोचला १९११ च्या डिसेंबरात. माणसाच्या आधी माणसाच्या भट्टीचा धूर तिथे दोन दशकं जाऊन बसला होता. मला या एका गोष्टीचं आजही वाईट वाटतं.

---

दगडधोंडे_नागपूर

उत्तम चर्चा. भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक विचारतो: बुडबुड्यांतल्या जुन्या हवेवरून काढलेले कार्बन डायऑक्साईडचे सगळे प्रसिद्ध आलेख अंटार्क्टिकाचेच का असतात? ग्रीनलंडमध्येही गाभे काढलेत की. कॅम्प सेंचुरीचा गाभा तर १९६६ मध्येच तळापर्यंत पोहोचला होता.

---

हिमकण_वास्को

ग्रीनलंडच्या बर्फात उत्तर गोलार्धातली धूळ जास्त, आणि त्या धुळीत कार्बोनेट असतं. बर्फातल्या आम्लाशी त्याची सावकाश क्रिया होते आणि बुडबुड्यात जादा कार्बन डायऑक्साईड तयार होतो. सेंद्रिय पदार्थांचाही त्यात वाटा असतो. म्हणजे तिथला वायू थोडा हवेचा, थोडा बर्फात नंतर जन्मलेला. अंटार्क्टिकाचा बर्फ स्वच्छ, म्हणून ८ लाख वर्षांचा आलेख डोम सीचा. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साईड दहा लाख भागांत साधारण १७२ ते ३०० यांच्या मधे राहिला, आज तो ४२० च्या वर आहे. मिथेन मात्र ग्रीनलंडमध्येही बहुतांशी भरवशाचा मिळतो, आणि त्याचे चढउतार जुळवून दोन ध्रुवांची कालगणना एकमेकींशी बांधतात.

२०२५ च्या जानेवारीत डोम सीजवळच्या लिटल डोम सी इथे युरोपीय गट २८०० मीटरवर तळाच्या खडकापर्यंत पोहोचला. तो बर्फ १२ लाख वर्षांहून जुना असल्याचं त्यांनी म्हटलंय. त्याच्या रसायनाची वाट आम्ही सगळेच पाहतोय.

---

मृण्मयी_चिपळूण

दोन शेवटचे प्रश्न. तापमान वाढतंय, तर वितळलेल्या बर्फातल्या या नोंदींचं काय होतं? आणि वर्गात करून दाखवता येईल असं काही आहे का?

---

हिमकण_वास्को

वितळलं की नोंद पुसते, आणि सगळी सारखी पुसत नाही. वरून निघालेलं पाणी खाली झिरपताना आधी शिरांमधलं सगळं घेऊन जातं, म्हणजे सल्फेटसारखे आयन लवकर धुतले जातात. जाळीत मावलेलं अमोनियम तुलनेने चिवट. धुळीचे कण मागे राहतात. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर, जिथे भारताचं हिमाद्री केंद्र आहे, उन्हाळ्यात हिमनद्यांचा पृष्ठभाग वितळतो, त्यामुळे तिथले गाभे वाचताना वर्षं मोजण्याचा हट्ट सोडावा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या कोर्बासिएर हिमनदीवर २०१८ मध्ये गाभा काढला तेव्हा रसायनांचे चढउतार नीट दिसत होते. २०२० मध्ये तिथेच परत ड्रिल केलं, तर ते धुऊन गेलेले. २०१२ च्या जुलैमध्ये ग्रीनलंडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग काही दिवसांपुरता वितळला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये समिटवर चक्क पाऊस पडला. अंटार्क्टिकाचं पठार अजून सुरक्षित आहे. भारताने अंटार्क्टिकाच्या ड्रॉनिंग मॉड लँड या भागातून आणलेले गाभे गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात उणे २० अंशांवर ठेवलेत, आणि खंड न पडता ते तसेच ठेवणं हे मला संशोधनाइतकंच महत्त्वाचं काम वाटतं.

वर्गासाठी: ऊर्ध्वपातित पाण्यात अगदी थोडं मीठ विरघळवा. पाणी एका डब्यात ओता, डब्याच्या बाजू आणि तळ थर्माकोलने जाड गुंडाळा, तोंड उघडं ठेवा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ वरून खाली धरत जाईल. निम्मं गोठलं की बाहेर काढा. वरचा बर्फ वितळवून एका परीक्षानळीत आणि खाली उरलेलं पाणी दुसरीत घ्या. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे सारखेच थेंब टाका. खालच्या पाण्यात पांढरा गढूळपणा जास्त दिसेल, बर्फाच्या नळीत कमी. पण पूर्ण शून्य होणार नाही, कारण काही खारं पाणी स्फटिकांच्या मधल्या शिरांत अडकलेलं असतं. ताई, त्या उरलेल्या गढूळपणाकडे मुलांचं लक्ष नक्की वेधा. ध्रुवावरचा हिमकण वाफेपासून ढगात वाढतो, डब्यात गोठत नाही, हा फरकही सांगा.

एकच काळजी घ्या. बर्फ वितळवण्यापूर्वी थंडगार ऊर्ध्वपातित पाण्याने बाहेरून धुऊन घ्या, नाहीतर पृष्ठभागाला चिकटलेलं खारं पाणीच तुम्ही मोजाल. आणि तिसऱ्या नळीत नुसतं ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यातही तेवढेच थेंब टाका.